दातेरी टोकं

तिनं सूक्ष्मदर्शकाचं बारीक फोकसचं चाक अंगठ्यानं जरासं मागे फिरवलं, आणि काट्यांच्या टोकांवरून ताणलेला पडदा तिला स्वच्छ दिसला. पातळ, जवळजवळ पारदर्शक, तंबूच्या कापडासारखा एका काट्यावरून दुसऱ्यावर गेलेला. चाक पुढे फिरवलं, पडदा गेला. मागे आणलं, पुन्हा आला. काचपट्टी सरकवून तिनं शेजारची पुटी पाहिली, मग तिच्या पलीकडची. सगळ्यांना पडदा होता.

तिनं दिवा बंद केला आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

डायनोफ्लॅजेलेट हे समुद्रात तरंगणारे एकपेशी जीव. दिवस वाईट आले की त्यांतले काही स्वतःभोवती चिवट कवच करून तळाच्या गाळात जाऊन बसतात. ते कवच म्हणजे पुटी. जीव कधीच निघून जातो, गाळाचा दगड होतो, पुटी मात्र कोट्यवधी वर्षं टिकते. अशा पुट्या ओळखण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. गेल्या वर्षी एका दगडात तिला एक काटेरी पुटी सापडली. तिच्याशी मिळतीजुळती एक जुनी प्रजाती होती, पण त्या प्रजातीच्या काट्यांवर पडदा असतो. हिच्या काट्यांवर तो नव्हता. उलट टोकांना बारीक दातेरी कडा होत्या. त्या दातेरी टोकांच्या जोरावर तिनं नवी प्रजाती उभी केली, आणि तिला सरांचं नाव दिलं.

सर हे तिचे गुरू. त्यांना असा मान आजवर कुणी दिला नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. लोकांनी घाईगर्दीत उभ्या केलेल्या कच्च्या प्रजाती रद्द करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. विद्यार्थी माघारी त्यांना ‘कुऱ्हाड’ म्हणत. कुऱ्हाडीचं नाव आपल्या झाडाला कोण देणार?

आता त्याच दगडाचा उरलेला तुकडा सौम्य आम्लात विरघळवून तिनं आतल्या पुट्या मोकळ्या केल्या होत्या, केवळ चांगले फोटो हवेत म्हणून. पहिल्या वेळी सर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. ते आहेत तोवर छापून यावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नमुना लवकर स्वच्छ व्हावा म्हणून तिनं तीव्र आम्ल घेतलं, आणि त्यात तो नको तितका वेळ ठेवला. आम्लानं पडदा खाल्ला. दातेरी कडा म्हणजे त्याच्याच चिंध्या.

तेव्हाही एका पुटीवर तिला काहीतरी धूसर चिकटलेलं दिसलं होतं. मळ असेल, म्हणून तिनं तो फोटो बाजूला सारला. मळच आहे का, हे तिनं पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. चुका कुणाच्याही होतात. तिनं तर चुकीला पाहून तोंड फिरवलं होतं.

“काय गं, बरं नाही का?” शेजारच्या टेबलावरून सहकारी बाईनं विचारलं.

“डोळे दुखतायत,” ती म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या तिला जाणवल्या.

सुट्टीच्या दिवशी ती सरांकडे गेली. दार काकूंनी उघडलं. बैठकीच्या भिंतीवर, जिथे लग्नाचा फोटो असायचा, तिथे त्या पुटीचं मोठं चित्र चौकटीत लावलेलं होतं.

“आल्यागेल्याला दाखवते मी,” काकू म्हणाल्या. “लोक विचारतात, हा कुठला साळिंदर? मी म्हणते, आमच्या ह्यांचं नाव आहे त्याला. दवाखान्यात मीच वाचून दाखवला ना तुझा लेख. अक्षर कळत असेल तर शपथ. काट्यांचं काहीतरी आलं, तर म्हणाले, हे पुन्हा वाच. तीच ओळ दोनदा वाचायला लावली.”

तिला हसता आलं नाही. काकू चहा टाकायला आत गेल्या.

सर खिडकीपाशी बसले होते. शस्त्रक्रियेनंतर सदरा अंगावर लोंबत होता. ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐनवेळी दगा देऊन गेली.

“सर, ती प्रजाती टिकत नाही.”

“हं.”

“पडदा आहे तिला. माझ्याच हातानं गेला तो. आम्ल जास्त झालं.” तिनं पिशवीतून फोटो काढले. “तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुमचं नाव दिलं, आणि...”

“ठेव ते फोटो.” त्यांनी हातही पुढे केला नाही. “लॅपटॉप आणलायस? उघड. बारसं घाईत झालं, निस्तरायचं तरी नीट.”

ती चकित झाली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या माणसानं कधी कुणाचा शब्द मानला नव्हता. पण ते सांगायला लागले होते, संथ, वाक्यामागून वाक्य, जणू पाठ केलेलं.

“लिही. मूळ वर्णनात नोंदवलेल्या दातेरी कडा हे प्रजातीचं वैशिष्ट्य नसून फाटलेल्या पडद्याचे अवशेष आहेत.”

तिची बोटं थांबली. दातेरी कडांपर्यंत ती बोलता बोलता आलीच नव्हती.

“पुढे,” सर म्हणाले. “सबब हे नाव रद्द करावं आणि जुनंच नाव कायम राहावं. झालं. लेखक म्हणून आपण दोघं.”

“तुम्ही कशाला, सर? चूक माझी आहे.”

“माझं नाव आधी घाल.”

क्षणभर तिच्या मनात आलं, म्हाताऱ्याला अजून नावाची हौस आहे. तो विचार आल्याबरोबर तिनं मान खाली घातली.

“कारण मला आधी कळलं होतं,” ते म्हणाले. “दवाखान्यातच.”

आत कपबशांचा आवाज झाला. सर खिडकीबाहेर पाहत होते.

“वाटलं, जातोच आहोत, तर राहू दे. आपल्यामागे कुणीतरी करील दुरुस्त.” त्यांनी लोंबता सदरा सारखा केला. “मग बरा झालो.”

दिलासा द्यावा, तर तो कुणी कुणाला द्यायचा? तिनं त्यांचं नाव टाइप केलं, त्याखाली आपलं, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते वाकून दोन्ही नावं बराच वेळ वाचत राहिले. शेवटी मान हलवली.

मग भिंतीवरच्या चौकटीकडे एकदा पाहून, स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक मारली, “अगं, चहाचं राहू दे. जरा इथे येऊन बस.”