दुधाला सामोरं जाणारं पाणी

१९९८ साली आमच्या दूध संस्थेत प्लेट चिलर आला. म्हणजे पातळ स्टीलच्या पत्र्यांची चळत. एका फटीतून धारोष्ण दूध जाणार, शेजारच्या फटीतून बर्फगार पाणी. संध्याकाळी जिल्हा दूध संघाचा पहिला टँकर यायचा होता आणि पाच अंशांपेक्षा गरम दूध तो घेणार नव्हता. यंत्र बसवणारा इंजिनिअर प्रसेनजीत हातकणंगल्याचा. एकट्यानं केलेलं त्याचं हे पहिलंच काम. टँकर रिकामा परतला तर ठपका त्याच्यावरच येणार. चेअरमन बाळासो तर ठपका कुणाच्या नावावर टाकायचा हे काम सुरू होण्याआधीच ठरवून ठेवत.

दुपारी प्रसेनजीत रबरी गॅस्केट आणायला कोल्हापूरला गेला. तेवढ्यात बाळासोंनी गावच्या प्लंबरकडून पाण्याची नळी फिरवून घेतली. त्यांचं म्हणणं, शुभकार्यात येणारं सगळं पूर्वेकडून यावं. दूध पूर्वेकडून शिरतंय तर पाणी पश्चिमेकडून का? वर नळ्यांना हारही घातले.

संध्याकाळी यंत्र चालू केलं. दूध बारा अंशांवर अडकलं.

"काय इंजिनिअर, यंत्राला ताप भरलाय व्हय?" बाळासो म्हणाले.

प्रसेनजीतनं हाराआड वाकून पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. दूध आणि पाणी एकाच दिशेनं चालली होती. दूध बाहेर पडेपर्यंत पाणीच कोमट होत होतं. पण हे चारचौघांत सांगितलं, तर बाळासो चुकीचे ठरणार, आणि चुकीचे ठरलेले बाळासो नळीला हात लावू देत नाहीत.

"चेअरमनसाहेब, गावात वऱ्हाड आलं की आपण काय करतो?"

"काय म्हंजे? शिवेपर्यंत सामोरं जातो."

"दूध हे वऱ्हाड समजा. आपलं पाणी त्याच्या मागं मागं चाललंय."

बाळासोंनी दुधाची नळी पाहिली, पाण्याची पाहिली. मग प्लंबरवर ओरडले, "आरं, पावण्याच्या मागनं कोण चालतं का? फिरव ती नळी!"

"हार तेवढे राहू द्या," प्रसेनजीत म्हणाला.

नळ्यांची अदलाबदल झाली. आता दूध जिथून बाहेर पडत होतं, तिथंच ताजं गार पाणी त्याला भेटत होतं. तापमानाचा काटा चारवर आला. म्हशीचं दूध घालायला आलेल्या तानूबाईनं घोटभर चाखलं आणि गाल धरला, "आगं आई, दात ठणाकलं की!"

टँकर भरला. बाळासो ड्रायव्हरला समजावत होते, "पाणी कसं, सामोरं पायजे. नळी मीच फिरवायला लावली."

"व्हय, त्यांनीच," प्रसेनजीतनं चहाचा घोट घेत साक्ष दिली.

खोटं काहीच नव्हतं. दोन्ही वेळा त्यांनीच फिरवायला लावली होती.