स्क्रूवरचा लाल ठिपका

माझ्या जावयाला दुकानात जाऊन वस्तू घेणं कमीपणाचं वाटतं. दुकानातून घेतात ते अडाणी, आणि समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसाशी मोबाईलवर घासाघीस करून मागवतात ते हुशार, असा त्याचा हिशेब. या हुशारीपायी आमच्या घरात कुत्रा नसताना कुत्र्याच्या गळ्यातला चमकता पट्टा आहे, आणि दोनदा आलेला एकच टॉर्च आहे, जो दोन्ही वेळा पेटला नाही. तरी तोऱ्यात फरक नाही. जावईबापूंची मान ताठच्या ताठ.

माझा वायरलेस सेटही त्यानंच मागवला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आणि तिथल्याच एका सिनियर बाईनं मला हौशी वायरलेसचा नाद लावला. परीक्षा दिली, परवाना काढला, तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमची हवेवरची बैठक असते. कोण कुठून बोलतंय, आवाज कसा येतोय, कुणाची तब्येत कशी आहे, सगळं एकेकानं सांगायचं. बैठकीची सूत्रं माझ्याकडे. मी नाव घेतल्याशिवाय कुणी बोलत नाही, मोठमोठे माजी अधिकारीसुद्धा नाही.

हे गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले. इथे मी बोलायला लागले की जावई मोबाईल उचलतो आणि लेक दुसरीकडे बघत ‘हो गं’ म्हणते. माझं बोलणं ऐकायला कुणी थांबतं ते फक्त रविवारी, आणि तेही भिंतींपलीकडचे लोक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं तेच आहे. त्या एका तासासाठी मी उरलेला आठवडा ढकलते.

माझा जुना सेट ठणठणीत होता. “आई, हा डबा कशाला ठेवलाय, नवीन मागवतो, त्यात सगळं येतं,” असं म्हणून जावयानं तो मला न विचारता भंगारवाल्याच्या हातात ठेवला. नवीन आला तो देखणा होता, ते कबूल करायला हवं. मागच्या सांध्यावर चंदेरी स्टिकर होता, हा काढल्यास हमी संपेल असं सांगणारा. जावयानं हमीवर मला प्रवचन दिलं. वर्षभराची हमी, पण सेट उघडायचा नाही, आणि हमी ज्यानं मागवला त्याची, म्हणजे त्याची. वापरणारी मी, हमी त्याची. मी मान डोलावली.

मान डोलावली, तरी सवय जाते कुठे? आमच्या एक्स्चेंजमध्ये जो स्क्रू कुणी हलवू नये त्यावर मेकॅनिक नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. ठिपका सुकला की स्क्रू ढिला होत नाही, आणि कुणी फिरवलाच तर ठिपका तडकतो. मग चोर पकडायला पोलीस लागत नाहीत. मी लेकीचं लाल नेलपॉलिश घेतलं, सेट उलटा केला आणि तळाच्या चारही स्क्रूंवर ठिपके दिले.

काही आठवडे सगळं छान चाललं. मग मी मावसबहिणीकडे राहून आले आणि सेट बिघडला. बिघडला तोही कसा! ऐकू सगळं यायचं. मी बोलायला लागले की मिनिटभरात आतून तापायचा आणि पटकन बंद पडायचा. माझ्या वाक्याचं शेपूट हवेतच लटकायचं आणि पलीकडून “ताई? ताई?” अशा हाका ऐकू यायच्या.

“तुमचं लांबण सेटलासुद्धा झेपत नाही, आई,” जावई म्हणाला आणि स्वतःच हसला.

“आतला पंखा फिरत नसणार,” मी म्हटलं. “उघडून बघते.”

“अजिबात हात लावू नका! हमी जाईल. मी लिहितो त्यांना.”

लिहितो म्हणाला, पण लिहिलं कुठलं? रोज विचारलं की ‘उत्तर येईल’. इकडे माझे ओळीनं दोन रविवार गेले होते. आमच्या बैठकीचा नियम आहे, ओळीनं तीन रविवार सूत्रधार हजर नसला तर सूत्रं पुढच्याकडे जातात. पुढचा म्हणजे दाताचा डॉक्टर. हा माणूस माझी जागा घ्यायला केव्हाचा टपून बसलाय. बोलताना शिट्टीसारखा आवाज काढतो आणि बायकांची नावं मुद्दाम शेवटी घेतो. त्याच्या हातात माझी खुर्ची द्यायची? मी खोक्यावरचा पत्ता शोधला आणि विक्रेत्याला स्वतःच खरमरीत लिहिलं. शनिवारी दुपारी व्हिडिओवर सेट दाखवा, ज्यानं मागवला तो माणूस समोर हवा, असं उत्तर आलं. जावयाला बसावंच लागलं. त्याचं तोंड आंबट झालं होतं, पण मला वाटलं, दुपारची झोप मोडली म्हणून असेल.

पडद्यावर एक तरुण माणूस आला. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाईलमधून एक यांत्रिक बाई ते मराठीत सांगायची. मराठी म्हणजे शाळेच्या फळ्यावरची.

“आदरणीय ग्राहक, कृपया मोहर दाखवा.”

“स्टिकर म्हणतोय,” जावई पुटपुटला. मी सेटची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. स्टिकर जसाच्या तसा होता.

“मोहर अखंड आहे. आम्ही आनंदी आहोत. आता आमच्या परवानगीने मोहर काढा, झाकण उघडा आणि पंखा दाखवा. पंखा सदोष असल्यास नवीन संच पाठवला जाईल.”

मला त्या पोराला इथूनच आशीर्वाद द्यावासा वाटला. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जावयाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नको, राहू दे,” तो मोबाईलकडे वाकून घाईघाईनं म्हणाला. “यांनी हा आधीच उघडलाय. घरात काहीही आलं की उघडून बघायची खोड आहे यांना. आमचा क्लेम आम्ही मागे घेतो.”

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालात?”

“आई, आता वाद नको. तुम्ही उघडला असणार, दुसरं कोण उघडणार?”

“मी उघडला? स्टिकर दिसत नाही का तुम्हाला?”

“स्टिकर गरम करून अख्खा काढता येतो,” तो बोलून गेला.

मी सेट उलटा केला. इतके दिवस स्टिकर शाबूत बघून मी तळाकडे पाहिलंच नव्हतं. चारही लाल ठिपके मधोमध तडकले होते. एकाची तर नुसती कड उरली होती. याला ते ठिपके कंपनीचे वाटले असणार. मी एक्स्चेंजमधली बाई आहे, हे तो विसरला.

“मी उघडला असता तर ठिपके पुन्हा दिले असते,” मी म्हणाले. “हे कुणी फिरवले, जावईबापू?”

पडद्यावरचा माणूस गोंधळला होता. मोबाईलमधली बाई मात्र शांत होती. “कृपया स्पष्ट करा. दोष कोणाचा?”

जावई जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. दारात लेक वाळलेले कपडे कवटाळून उभी होती, कधीपासून उभी होती कोण जाणे.

“माझा,” ती म्हणाली. “मी उघडला.”

“दोष स्वीकारला गेला. हमी समाप्त. आपला दिवस सुंदर जावो.”

पडदा काळा झाला. जावई उठून त्याच्या खोलीत गेला. मी लेकीकडे वळले.

“तू उघडलास? तुला स्क्रूड्रायव्हर कुठल्या टोकाला धरतात ते तरी माहीत आहे?”

“परक्या माणसासमोर त्याची शोभा कशाला, आई?”

“आणि माझी झाली ती?”

“तुझं काय गं, एक रविवार जाईल.”

हे तिनं म्हणायला नको होतं. लग्न ठरताना मी तिला विचारलं होतं, या मुलाची हमी कोण देणार? ‘मी देते’, असं ती तोंड वर करून म्हणाली होती. त्या हमीला मुदत नाही, अटी नाहीत, स्टिकर नाही. काहीही बिघडलं तरी दुरुस्तीचा भार हिच्या अंगावर.

हमी गेलीच होती, मग मी सेट उघडला. आत पंखा होता, पण या सेटचा नव्हता. पिवळा पडलेला, धुळीनं भरलेला, आणि त्याच्या पात्यांत जांभळ्या प्लास्टिकचा धागा गुंतलेला. आमच्या घरात जांभळं प्लास्टिक एकाच जागी सापडतं. जावयाच्या खोलीत थ्रीडी प्रिंटर आहे, त्यातून तो फुलदाण्या काढतो. फुलं आणायची त्याला आठवण नसते, पण फुलदाण्या ढीगभर.

मी त्याच्या दाराशी गेले. प्रिंटर गुणगुणत होता आणि त्याच्या डोक्यावर माझा पंखा झकास फिरत होता.

“तात्पुरता घेतला होता,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “माझा जळला. नवीन मागवलाय, वाटेत आहे.”

“आत्ता काढून द्या.”

“मोठं काम चालू आहे, उद्या रात्रीपर्यंत चालेल. मध्येच बंद केलं तर सगळं फुकट. तुमच्या गप्पा काय, पुढच्या रविवारी होतील.”

मी त्याच्या वस्तूला हात लावला नाही. घर त्याचं, खोली त्याची, आणि मी लेकीच्या घरची पाहुणी, हे मला कुणी सांगायला नको. मी परत फिरले. झाकण काढून सेटवर टेबलफॅनचा वारा घालून पाहिला, तर माझ्यापेक्षा फॅनच जास्त बोलायला लागला, आणि सेट बंद पडायचा तो पडलाच. नवा पंखा आणावा, तर एव्हाना रात्र झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी दोघांशीही बोलले नाही. लेकीनं ताट आणून ठेवलं, मी ते तसंच परत पाठवलं.

रविवारी संध्याकाळी मी उघडाबोडका सेट समोर घेऊन बसले. मिनिटभर तर बोलता येणार होतं. तेवढ्यात सूत्रं सोपवते म्हणून सांगायचं आणि उठायचं, असं मी मनाशी ठरवलं. सेटमधून लोक जमू लागल्याचे आवाज येत होते. मग ती शिट्टी आली. “ताई आजही दिसत नाहीत. मग नियमाप्रमाणे मी...”

तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं गुणगुणणं थांबलं.

लेक आत आली. तिच्या एका हातात स्वयंपाकघरातली कात्री होती आणि दुसऱ्या हातात माझा पंखा. मागे दोन तारांची इवलीशी टोकं लोंबत होती.

“हा घे.”

“इतक्या आखूड कापतात का तारा, बावळट!” मी ओरडले, आणि तोवर माझे दात तारांचं साल काढायला लागलेही होते. “धर इथे. लाल लालला, काळी काळीला. हलवू नकोस.”

तिनं धरलं. मी तारांना पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबलं. पंखा फिरला.

“बैठक सुरू होत आहे,” मी माइकमध्ये म्हणाले. “सूत्रं जिथल्या तिथे आहेत. डॉक्टर, तुम्ही खाली बसा.”

पलीकडून हसण्याचा लोंढा आला. पुढचं बोलायला मी माइकचं बटण दाबलं, ते दाबलेलं असलं की इथला सगळा आवाज हवेवर जातो, आणि तोच बाहेर जावई गरजला. “माझा प्रिंटर कुणी उघडला? अर्धी फुलदाणी वाया गेली!”

“मी,” लेक माझ्याजवळ उभी राहूनच म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तरी ती हलली नाही. “काल खोटं बोलले होते. आज खरं सांगतेय.”

मी बटण सोडलं. मग शिट्टी वाजली. “ताई, तुमच्या मागे कोण ओरडतंय?”

मी दाराकडे पाहिलं. जावई तिथे उभा होता, हातात अर्धवट जांभळी फुलदाणी घेऊन. मी बटण पुन्हा दाबलं.

“काही नाही, डॉक्टर. हमी संपलेला माल आहे, आवाज करतोय.”

मग मी हजेरी घ्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी एकाही नावाची घाई केली नाही.