पाकीट न फोडलेली वायर

शर्मिलाताईंचा आवाज कधी चढत नाही, ही गोष्ट कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पोरांना नुसत्या नजरेने गप्प केलं. रोज पहाटे त्रिशरण-पंचशील, पौर्णिमेला उपोसथाचा उपवास, आणि बोलणं असं मऊ की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जावा. त्या रविवारी विहारातून घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला, तेव्हा मात्र समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

"मैत्री, वाटोळं केलंस माझं! दुकानातून जोडलेला कॉम्प्युटर आणू म्हणत होते मी. तुला घरी जुळवायची हौस!"

"आई, झालं काय ते तरी सांग."

"धूर निघाला. पप्पांनी नुसतं बटण दाबलं आणि धूर! माझी डिस्क आहे त्यात, कळतंय का तुला?"

मैत्रीला कळत होतं. त्या डिस्कमध्ये आठ वर्षांचे रविवार होते. लोणी काळभोर हे रामदासरावांचं, शर्मिलाताईंच्या यजमानांचं गाव. तिथल्या वस्तीतल्या एकतीस म्हाताऱ्यांना शर्मिलाताईंनी फोनवर गायला लावलं होतं. जात्यावरच्या ओव्या, आणि छप्पन साली धम्म घेतल्यावर त्या बायकांनी स्वतः रचलेली गाणी. कुठे लिहिलेली नव्हती, कुणी छापली नव्हती. एकतिसांतल्या एकोणीस आता हयात नव्हत्या. फोन भरला की आवाज डिस्कवर टाकायचा आणि फोन मोकळा करायचा, असं चाललं होतं. "दुसरी प्रत काढून ठेव," मैत्रीने तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा शर्मिलाताई "बघू" म्हणाल्या होत्या, आणि ते आठवून त्यांचा राग आणखीच भडकत होता.

कॉम्प्युटर पंधरा दिवस मधूनच दगा देत होता. चालू असताना एकदम काळोख, मग कितीही बटण दाबा, उत्तर नाही. आतला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटून देणारा डबा, थकलाय असं मैत्रीचं निदान. शनिवारी तिने नवा डबा आणून बसवला. फक्त डिस्कची वायर ओढायची राहिली. "ती उद्या दुपारी लावते. तोवर कुणी हात लावू नका," असं रात्री बजावून ती रविवारी सकाळी कामावर गेली.

तासाभरात ती घरी आली. हेल्मेट हातातच.

"घरी जोडलेलं म्हटलं की हे असंच," रामदासराव पेपरामागून बोलले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. फ्यूज, नळ, मिक्सर, सगळं स्वतः बघायचे. "स्क्रू आवळता आले म्हणजे इंजिनियर होत नाही माणूस."

"आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर नको मला," शर्मिलाताई म्हणाल्या. "आधी ते सांग, आवाज राहिलेत का गेले?"

खालच्या ओठावर दात रोवून मैत्री जमिनीवर बसली. बटण दाबलं. पंखा जेमतेम हलला आणि थांबला. तिने डब्यावरचे प्लग न बघताच उपटून तो सगळ्यांपासून सोडवला, आईच्या केसांतली पिन मागितली, आणि जाड प्लगमधली हिरवी वायर पिनेने काळीला जोडली. पंखा गरगर फिरू लागला.

"डबा चांगला आहे. म्हणजे कोणीतरी त्याला खाली ओढतंय."

मग तिने एकेक भाग जोडायला घेतला. मदरबोर्ड जोडला, चालला. दुसरी वायर जोडली, चालला. स्क्रीनवर उजेडही आला. मैत्रीने कॉम्प्युटरची पेटी फिरवून मागचा पत्रा काढला, आणि तिचा हात थांबला.

"डिस्कला वायर कुणी लावली?"

पेपर हलला नाही.

"पप्पा, मी ही लावली नव्हती. ही जुन्या डब्याची वायर आहे. पत्र्यामागे बांधलेली तशीच राहिली होती. नवी कुठाय?"

"कुठली नवी?"

"डब्याबरोबर आलेली. पाकिटात."

रामदासरावांनी पेपराची घडी घातली. "ती होय. माळ्यावर ठेवली. न फोडलेलं पाकीट, चांगलं जपून ठेवलंय. जुनी तिथेच होती की बांधलेली! बसलीसुद्धा बरोबर. चांगली वायर असताना नवी कशाला खराब करायची?"

"बसते हो पप्पा! बसते म्हणूनच तर घोटाळा होतो! डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, डब्याकडचं कंपनीगणिक वेगळं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

शर्मिलाताईंना आधी ऐकू आलं ते एवढंच, की वायर यांनी लावली. मग हळूहळू बाकीचं.

"तुम्ही म्हणालात, नुसतं बटण दाबलं."

"दाबलंच की."

"अहो, काल संध्याकाळी माझ्या शेजारी बसून पंचशील म्हणालात. खोटं बोलणार नाही म्हणालात! आणि आज सकाळी पोरीच्या डोक्यावर ढकलून पेपर वाचत बसलात? मी तिला काय काय बोलले, ते ऐकत बसलात?"

"अगं, एक डिस्क! नवी आणतो."

"आणा. आवाज कुठल्या दुकानातून आणणार? वस्तीतल्या गेनबांची आई गेली, तिचा आवाज द्या म्हणावं, अर्धा किलो!"

समोरच्या फ्लॅटचं किलकिलं दार बंद झालं. रामदासरावांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं.

मैत्रीने फोन लावला. सदाशिव पेठेत इंद्रजीत नावाचा तिचा मित्र बिघडलेल्या डिस्क उघडून बसायचा. त्याने सांगितलं, आता डिस्कला अजिबात वीज देऊ नका. डिस्कखालच्या सर्किटच्या पाटीवर एक बारीक पहारेकरी पार्ट असतो. जास्तीची वीज आली की आधी तो मरतो. तेवढाच मेला असेल तर काढून टाकता येईल. नाहीतर अवघड.

"चला," रामदासराव उठले. "मीपण येतो."

"तुम्ही नाही." शर्मिलाताईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तुम्ही लोणीची बस धरा. बाराजणी अजून आहेत. तुमची थोरली काकी आहे. त्यांना सांगा, 'तुमचं गाणं मी जाळलं.' आणि फोन समोर धरून बसा. आठ वर्षं मी जायचे तेव्हा म्हणायचात, म्हाताऱ्यांची रडगाणी काय गोळा करतेस. आज तुम्ही गोळा करा."

"मी काय सांगू काकीला?"

"सांगितलं ना. जाळलं म्हणून."

स्कूटरवर डिस्क मांडीवर रुमालात धरून शर्मिलाताई मागे बसल्या. सिग्नलला म्हणाल्या, "मैत्री, चुकले मी. तुला बोलायला नको होतं."

"आई, अजून दातओठ खातेयस. घरी जाऊन शांतपणे माग माफी. आत्ता मलाच भीती वाटतेय."

इंद्रजीतच्या खोलीत दोन तास गेले. शर्मिलाताई पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. त्याने चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा पार्ट उचलून कागदावर ठेवला आणि डिस्क जोडली. खूप वेळ काहीच नाही. मग बारीक घरघर, आणि स्क्रीनवर नावं: सरूबाई, सरूबाई दोन, हौसा, ताराबाई.

"आधी दुसरी प्रत," मैत्री म्हणाली, आणि कुणाला न विचारता काढायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. रामदासराव. मागून काकीचा खणखणीत आवाज ऐकू येत होता, "आरं, कुनाचं गानं म्हनू? तुजी बायको सम्दं घिऊन गेली हाय की!"

"ऐकलंस?" रामदासराव कुजबुजले. "फार बोलल्या गं सगळ्याजणी. तिकडे काय झालं? चालू झाली का?"

शर्मिलाताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. एकेक नाव दुसऱ्या डिस्कवर उतरत होतं. राग जागचा हलला नव्हता.

"झाली."

"हुश्श! मग मी निघतो. साडेचारची बस आहे."

"उठायचं नाही. ताराबाईंनी दुसरं कडवं आजारपणात म्हटलं होतं, नीट आलेलं नाही. ते घ्या. सगळ्या बाराजणींचं ऐकून मगच या."

"अगं, पण चालू झाली ना!"

"म्हणूनच. आता ते ठेवायला जागा आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.