आधी टोपी पांढरी करा

मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गातला नव्हे, मित्रांनो. वर्गातला मॉनिटर दरवर्षी नवा होतो आणि त्याला सगळे घाबरतात. मी कॉम्प्युटरचा मॉनिटर. चौदा इंची, जाड काचेचा, पाठीला मोठं पोक असलेला. मला कुणीच घाबरत नाही.

आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी स्वतः काही करत नाही. मागच्या वायरीतून जे येतं ते दाखवतो. नुसतं दाखवणाऱ्याने सांगायचं तरी काय? आणि सांगितलं तर ते बरोबर असेल कशावरून? पण एका दुपारी माझ्या काचेवर जे घडलं ते पाहणारा मीही होतो, म्हणून धीर करून सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोणत्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा वास, आणि धुळ्याच्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतला भाईदास आबांचा फोटो स्टुडिओ. ते साल सत्याण्णव. आबांचा मुलगा हिलाल लग्नांचं शूटिंग करत गावोगाव फिरायचा. त्यानेच मला, कॉम्प्युटरला, स्कॅनरला आणि प्रिंटरला एका टेम्पोतून आणलं. खोकं उघडलं तेव्हा आबा चष्मा वर करून म्हणाले, "एवढ्या मोठ्या डोक्यात आहे तरी काय?"

आबा जुने कलावंत. काळ्यापांढऱ्या फोटोवर बारीक ब्रशने रंग भरायचे. ओठ, गाल, लुगड्याचा काठ, सगळं हाताने. आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ब्रश बाजूला पडले होते. माऊसला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. माझ्यासमोर बसायची ती त्यांची सून, लताबाई. तिने तीन महिन्यांचा क्लास केला होता आणि सोबत एक वही होती. वहीत लिहिलं होतं, फोटो फिका असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उतरला असेल तर रंग वाढवा. त्यामुळे लताबाई वाढवायची. सगळंच वाढवायची.

पहिल्या महिन्यात माझ्या काचेवर जे रंग आले ते आठवले की अजून संकोच वाटतो. झाडं पोपटासारखी, आकाश शाईसारखं, माणसांचे गाल टोमॅटोसारखे. आबा मागे उभे राहून म्हणायचे, "लता, हा फोटो आहे का मुक्ताईनगरच्या जत्रेतलं शरबत?"

"आबा, गिऱ्हाइकांना असंच आवडतं."

आणि ते खोटं नव्हतं. कापडाचे व्यापारी इंदरचंद शेठ आपला फोटो पाहून खूश झाले होते. "बहू, फारच छान! जरा अजून गोरा कर. दुकानात लावायचा आहे." लताबाईने एक पट्टी सरकवली आणि शेठजी पिठासारखे झाले. त्यांनी मला बोटाने टिचकी मारून म्हटलं, "वा, काय मशीन आहे!" खरं सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मी फुगलो होतो. माझं त्यात काहीच नव्हतं, तरी फुगलो.

पुढच्या वर्षी चैत्रात पारोळ्याहून द्रौपदाबाई आल्या. साठीच्या, उंच, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. फ्रेम वर्षानुवर्षं चुलीसमोरच्या भिंतीवर होती. आतला फोटो धुराने आणि वयाने इतका पिवळा पडला होता की अख्खं चित्र चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. मधोमध एक मुलगी पाटावर बसलेली, शेजारी टोपी घातलेले तिचे वडील.

"हाई मनी आंडेर, कमल," त्या म्हणाल्या. आंडेर म्हणजे मुलगी. अठ्ठ्याहत्तर साली कमलचं लग्न झालं. मामा मुंबईला गिरणीत होता, त्याने कॅमेऱ्यात रंगीत रोल आणला होता. सगळ्या रोलमधून हा एकच फोटो धड आला. वर्षभराने कमलला मुलगी झाली आणि त्यातच कमल गेली. त्या मुलीला द्रौपदाबाईंनी वाढवलं. आता तिचं लग्न होतं.

"सोमवारे नातले हळद लागनार शे. नातनी तिनी मायले कधी देखेलच नही. फोटोमा तरी माय समोर पाहिजे. ह्यामा तोंडच दिखत नही, भाऊ."

आबा म्हणाले, "अक्का, शनिवारी या. होऊन जाईल."

लताबाईने त्या फोटोवर दोन दिवस घालवले. मन लावून घालवले, हे मी साक्षीला राहून सांगतो. तिने फोटो फ्रेममधून हलक्या हाताने सोडवला, मऊ फडक्याने पुसला, स्कॅनरवर ठेवला. कॉम्प्युटरमध्ये पिवळा आणि निळा हे एकाच पट्टीच्या दोन टोकांना बसलेले असतात. एकापासून दूर गेलं की दुसरा जवळ येतो. लताबाईची नजर मुलीच्या चेहऱ्यावर होती. चेहरा पिवळा होता, म्हणून ती पट्टी निळ्याकडे सरकवत राहिली, त्यावरचा पिवळा पुरता जाईपर्यंत. मग कॉन्ट्रास्ट वाढवला. चेहरा स्वच्छ, गोरा, लख्ख झाला.

"बघा आबा!"

आबांनी वाकून पाहिलं. "छान. पण यांची टोपी निळी का दिसते गं?"

"नीळ जास्त झाली असेल धुताना. माझी आई नीळ घालायची तेव्हा वडिलांचे सदरे आकाशी व्हायचे. वडील म्हणायचे, मला काय पोलीस केलंस?"

आबा हसले. मीही मनात हसलो. टोपी निळी झाली आणि आम्ही तिघांनी ती नीळ मान्य करून टाकली. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या वेळी तो खुलासा फारच पटण्यासारखा होता.

शनिवारी दुपारी दोनच्या एसटीने द्रौपदाबाई आल्या. लताबाईने फोटो माझ्या काचेवर मोठा करून दाखवला आणि कौतुकाची वाट पाहत बाजूला सरकली.

द्रौपदाबाई बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हाई कोन शे?"

"तुमची कमल, मावशी. सगळं पिवळं काढून टाकलं."

"पिवळं काढं?" त्यांचा आवाज चिरला. "अव माय, ती हळद व्हती! हळदना दिननाच फोटो शे हाऊ!"

लताबाईचा हात माऊसवर तसाच राहिला.

"मराना येळले अशीच पांढरी दिखे ती," द्रौपदाबाई म्हणाल्या. "दवाखानामा. हाई तोंड मी नातले कसं दाखाडू?" त्यांनी टेबलावरचा मूळ फोटो उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. "ऱ्हाऊ द्या, भाऊ. माले मन्हा धुरकट फोटोच बरा."

मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत. कुणी बटण दाबेपर्यंत मला दाखवतच राहावं लागतं. मी तो पांढरा चेहरा दाखवत राहिलो आणि एक आई त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

आबांनी खुर्ची पुढे केली. "अक्का, बसा. पानी ल्या. गाडी साडेपाचला आहे." त्या बसल्या, पण पिशवी मांडीवरून सोडली नाही. मग आबांनी विचारलं, "अक्का, एक सांगा. त्या दिवशी तुमच्या मालकांच्या टोपीला नीळ जास्त झाली होती का?"

द्रौपदाबाईंनी रडता रडता मान वर केली. "नीळ? कोरी टोपी व्हती ती! लगीनसाठे लयेल. तिले पानी बी लागेल नव्हतं."

लताबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंस?" आबा म्हणाले. "फोटोत एकच गोष्ट खात्रीने पांढरी होती, आणि तिलाच आपण निळी केली. मी चाळीस वर्षं रंग भरले, माझ्याही डोक्यात आलं नाही. नीळ म्हणे!"

लताबाई द्रौपदाबाईंसमोर खाली बसली. "मावशी, चुकलं माझं. मला एकदाच तो फोटो परत द्याल? तुमच्या देखत करते. नाही जमलं तर घेऊन जा, मी अडवणार नाही."

द्रौपदाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पोरी, तू तरी काय करशी. तुनी थोडी देखेल व्हती मनी कमल." आणि त्यांनी टॉवेल सोडला.

फोटो पुन्हा स्कॅनरवर गेला. तो धुरकट, पिवळा, जसाच्या तसा माझ्यावर उतरला. लताबाईने पट्टी धरली, तसे आबा म्हणाले, "थांब." त्यांनी खणातून एक कोरं पांढरं कार्ड काढलं आणि माझ्या काचेवर, कमलच्या चेहऱ्यावर धरलं. "चेहऱ्याकडे बघूच नको. चेहरा पाहिला की आपल्याला तो सुंदर करावासा वाटतो. आधी टोपी पांढरी कर."

टोपी पिवळी होती. हळूहळू ती सायीसारखी झाली, मग पांढरी झाली, मग किंचित निळसर झाली. "मागे ये," आबा म्हणाले. लताबाई केसभर मागे आली. आता टोपीचा रंग आणि कार्डाची कोरी बाजू शेजारी शेजारी सारखी दिसत होती. आबांनी कार्ड काढलं.

हळद तिथेच होती. धुराचा मळकट पिवळा निघून गेला होता आणि त्याखालचा दुसरा पिवळा, ओला, उजळ, एका सकाळचा पिवळा, कमलच्या कपाळावर आणि गालांवर जागा झाला होता. द्रौपदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

चित्र अजून मऊ, झाकोळलेलं होतं. लताबाईचा हात सवयीने कॉन्ट्रास्टकडे गेला. आबा घाईने म्हणाले, "थोडासाच. उठाव पाहिजे, उठाठेव नको." द्रौपदाबाईसुद्धा ओल्या डोळ्यांनी हसल्या. लताबाई एकेक आकडा वाढवत गेली. डोळ्यांतले काळे ठिपके स्पष्ट झाले, लुगड्याचा काठ वेगळा झाला. आणि मग उजव्या गालावरच्या हळदीत चार तिरप्या रेघा दिसू लागल्या.

लताबाईने वाकून पाहिलं. "मावशी, हे डाग आहेत का? पुसू?"

या वेळी तिने विचारलं होतं, मित्रांनो.

द्रौपदाबाई उठून जवळ आल्या. त्यांनी त्या रेघांकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ह्या मन्ह्या बोटं शेतस," त्या म्हणाल्या. "मीच हळद लावेल तिले. ती हसत व्हती, म्हनीसन मना हात घसरी गया." आणि त्यांनी आपली चार बोटं माझ्या काचेवर, कमलच्या गालावर ठेवली. काच गरम असते माझी. त्यांना ती कशी लागली असेल, मला सांगता येणार नाही. त्यांनी हात लवकर काढला नाही, एवढं माहीत आहे.

कागदावर रंग उतरायला तीन प्रयत्न लागले. माझ्यावर दिसतं तसंच प्रिंटरवर येत नाही; त्यात कुणाचा दोष, याचा निकाल आमच्यात कधीच लागला नाही. तिसरा कागद द्रौपदाबाईंनी स्वतः टोपीवर बोट ठेवून पास केला. साडेपाचच्या गाडीला आबा त्यांना सोडून आले. नातीची हळद कशी झाली ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो, आणि न पाहिलेलं सांगायचं नाही एवढा नियम मी पाळतो.

लताबाईने मात्र त्या दिवशी वहीत एक नवी ओळ लिहिली, "वाढवण्याआधी विचारा." पुढे तिचं नाव झालं. शिरपूर, दोंडाईच्याहून जुने फोटो यायचे. ती प्रत्येकाला आधी विचारायची, यात पांढरं काय होतं? कुणी म्हणायचं भिंत, कुणी म्हणायचं बैल. मूळ फोटो ती परत बांधून द्यायची आणि म्हणायची, "हा टाकू नका. मी केलेलं चुकलं तर हाच कामाला येईल."

वर्षभराने माझ्या कडांना हिरवट छटा येऊ लागली. पांढरं मला पांढरं दाखवता येईना. रंगाच्या कामात असा मॉनिटर काय उपयोगाचा? सतरा इंची नवा आला आणि मला मागच्या खोलीत ठेवलं. माझ्या पाठीवर आता रिकाम्या फ्रेमा रचल्या आहेत. तक्रार नाही. कधीतरी कुणी धूळ झटकली तर बरं वाटतं, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा पिवळा पडलेला फोटो असेल. तो उजळायला बसाल तेव्हा घाई करू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. टोपी कोरी होती का, भिंतीला चुना होता का, गालावर काय लागलं होतं, सगळं विचारा. ती माणसं आहेत तोवरच विचारा. पुढे तुम्ही रंग कितीही छान लावाल, पण ते बरोबर झाले का, हे सांगणारं कुणी उरणार नाही.