अक्रोडाचा अर्धा बाक

खर्र… खर्र… खर्र. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत होती ती. एका टोकाला झीसिस, दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ स्तेर्गिओस. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं, तेव्हाच ती करवत चालते. त्या दिवशी दोघे इतक्या एका तालात ओढत होते, की बघणाऱ्याला वाटावं, काय माया आहे भावाभावांत! आणि करवतीखाली मी होतो.

मी बाक बोलतोय. म्हणजे माझ्यातलं जे उरलं आहे ते बोलतंय.

या दोघांच्या वडिलांनी डोंगरातला अक्रोड पाडून मला केलं आणि चौकात, आपल्या कॉफीघराच्या दारात ठेवलं. समोर मोठा चिनार. चार माणसं माझ्यावर आरामात बसत. आमचा ग्रीक माणूस बसला की दुपार खाऊन टाकतो. बोटभर कॉफी, पेलाभर पाणी, हातात मण्यांची माळ, आणि तेवढ्यावर साऱ्या देशाचा कारभार. सरकार कसं चालवावं हे गावात प्रत्येकाला ठाऊक. स्वतःचं गाढव कुठे चरतंय ते तेवढं विचारू नका. परका वाटसरू आला तर त्याला खिशाला हात लावू देणार नाहीत. सख्ख्याला मात्र पाण्यात पाहतील.

वडील गेले. मग एका निवडणुकीत गावात दोन पक्षांचे दोन रंग शिरले, हिरवा आणि निळा. थोरल्याने, म्हणजे झीसिसने, दारावर हिरवा झेंडा लावला. धाकट्याने तो उपटून निळा लावला.

"बापाच्या दाराला हात लावतोस?"

"बाप काय तुझ्या एकट्याचा होता?"

त्याच आठवड्यात वाटणी झाली. कप वाटले, टेबलं वाटली, कॉफीची पितळी भांडी वाटली. मी एकच होतो.

"बाक मी नेणार. मी थोरला आहे."

"ने की. अर्धा ने."

स्तेर्गिओस हे रागाच्या भरात बोलून गेला असावा. पण चारचौघांत निघालेला शब्द आमच्याकडे कोणी मागे घेत नाही. करवत आली.

झीसिसने चौकाच्या पलीकडे दुसरं कॉफीघर थाटलं. तिकडच्या तुकड्याला हिरवा रंग लागला, मला निळा. कापलेल्या बाजूला दोन नवे पाय ठोकले, स्वस्त देवदाराचे. ते आजही डुगडुगतात.

तेव्हापासून माणूस कुठे कॉफी पितो यावरून त्याची सोयरीक ठरू लागली. निळ्याच्या मुलीला हिरव्याचं घर बंद. चौक ओलांडून जाण्यापेक्षा लोक मागच्या चढाच्या गल्लीने धापा टाकत जात.

"काय रे थिमिओस, काल समोर बसला होतास म्हणे?"

"पावसात अडकलो होतो बाबा."

"मग भिजायचं होतंस!"

पाद्रीबुवा एक रविवार इकडे बसत, एक रविवार तिकडे. दोन्हीकडे त्यांना हेर समजत.

तरीही हे सगळं कधीतरी निवलं असतं. पण निळ्यांच्या राज्यात स्तेर्गिओसच्या एकुलत्या मुलाला रस्ते खात्यात नोकरी लागली आणि हिरव्यांचं राज्य येताच ती गेली. काढायच्या यादीत त्याचं नाव झीसिसनेच दिलं, असं स्तेर्गिओस म्हणे. झीसिस हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मुलगा जर्मनीला गेला. नाताळात त्याचा फोन येतो.

दोघांची आई वासिलो. दुपारी एकाकडे जेवायची, रात्री दुसऱ्याकडे. एकाच्या घरात दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, अशी तिला ताकीद होती. बायका कॉफीघरात बसत नसत, पण ती काठी टेकत यायची आणि खुशाल माझ्यावर बसायची. "तुम्ही दोघं एकदा एका जागी बसलेले बघितले की मी मोकळी," असं ती स्तेर्गिओसला सांगायची. तो कप पुसत राहायचा.

पण माझ्यापासून काय लपणार? संध्याकाळी गिऱ्हाईक गेलं की तो माझ्यावर येऊन बसे, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणे, "बस दादा." मग जरा हळू, "बस ना दादा, थोडा वेळ." एवढंच भावाला म्हणायला तो झुरत होता. समोरच्या दारात झीसिस दिसला की मात्र तोंड फिरवून घ्यायचा.

गाव रिकामं झालं. शाळेला कुलूप लागलं. पोरं अथेन्सला गेली, जर्मनीला गेली. म्हाताऱ्यांचं पेन्शन कापलं तेव्हा हिरव्यांनी निळ्यांना शिव्या दिल्या आणि निळ्यांनी हिरव्यांना. मूठभर माणसं उरली, पण कॉफीघरं दोनच्या दोन. माझ्या रंगाचे पापुद्रे निघालेत, खालचा अक्रोड दिसू लागलाय. पुढच्या हिवाळ्यात शेगडीत गेलो तरी तक्रार नाही. एवढंच मागतो, भांडायचं तर भांडा, पण जिथे एकत्र बसलात ती जागा तोडू नका. बसायला जागा असली की माणूस कधीतरी बसतो.

आज वासिलोला पुरलं. आमच्याकडे मातीहून आलं की साऱ्या गावाने कॉफीघरात मिळून बिनसाखरेची कॉफी आणि घोटभर ब्रँडी प्यायची आणि मेलेल्यासाठी क्षमा मागायची. तिने आधीच पाद्रीबुवांना बजावलं होतं, "माझी कॉफी चिनाराखाली. दोन्हीकडचे बाक आणि खुर्च्या बाहेर काढा. वेगवेगळी पाजलीत तर उठून येईन."

काढल्या. आता कॉफी कोणाची, यावरून पुन्हा आवाज चढले.

"कॉफी थोरल्याची, ब्रँडी धाकट्याची," पाद्रीबुवा ओरडले. "आणि जो पिणार नाही, त्याच्या मातीला मी येणार नाही!"

मग सगळे प्यायले. "देव तिला माफ करो," म्हणाले. हिरव्याच्या हातची कॉफी निळ्यांनी आधी हुंगली, मग घशाखाली ढकलली.

स्तेर्गिओस माझ्यावर एकटा बसला होता. झीसिसने सगळ्यांना कॉफी दिली. शेवटी त्याच्या हातात एकच कप राहिला, स्वतःचा. तो दमला होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्यावर बसला. भावाच्या शेजारी. माझी लांबी आता दोघांना जेमतेम पुरते. खांद्याला खांदा लागला.

सगळे बघत होते.

झीसिसने एक घोट घेतला. "देव तिला माफ करो."

"देव तिला माफ करो," स्तेर्गिओस म्हणाला. म्हण, मी मनात म्हटलं. रोज म्हणतोस तेच म्हण.

त्याने मान वर केली. चारही बाजूंनी डोळे रोखलेले पाहिले. आणि चाळीस वर्षांची वैराची सवय तोंडातून बाहेर पडली.

"बस दादा, बस. तुमच्या हिरव्यांना कळवत नाही मी."

थिमिओस फिसकन हसला. मग निळे हसले, हिरवेही हसले. इतक्या वर्षांत गाव पहिल्यांदा एकत्र हसलं.

"दादा, मला तसं…" स्तेर्गिओसने त्याच्या बाहीला हात लावला.

झीसिसने अर्धा राहिलेला कप माझ्यावर ठेवला. माझ्या कडेवर हात टेकून उठला, आणि सरळ चौक ओलांडून निघून गेला.