आधी मासा

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरली आपल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत यंत्रातून हॉटेलच्या चादरी ओढून काढत होती. "ताई, घाबरू नकोस हं," एवढं म्हणून धाकटी स्वतःच हमसून रडायला लागली. तिच्या हुंदक्यांतून कळलं ते असं, की त्यांचे वडील, अण्णा, बंदराच्या बंधाऱ्यावरून समुद्रात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंग गारठून काळंनिळं पडलं होतं, पण जीव वाचला होता. वाचवला होता धाकटीच्या नवऱ्याने.

या नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. त्याच्याकडे होडी नव्हती, कधी असायची शक्यताही नव्हती. फरश्या आणि नळांच्या दुकानात तो विक्रेता होता. पण लग्न झाल्यावर सासऱ्याचं मन जिंकायचं म्हणून तो गळाने मासे धरायच्या नादी लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात नांगराचं चित्र असलेली टोपी घालून बंधाऱ्यावर हजर झाला. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "या कप्तान, जहाज कुठे लावलंत?" नाव चिकटलं ते चिकटलंच.

अण्णांनी जन्मभर बंदरात क्रेन चालवली होती. निवृत्त झाल्यावर थंडी पडली की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. मोठे चंदेरी मासे तेव्हा किनाऱ्याच्या जवळ येतात आणि बंधाऱ्याच्या टोकावरून काठीने गळ फेकला तर एखादा लागतो, एवढ्यासाठी हा माणूस कडाक्याच्या गारठ्यात कानटोपी चढवून घराबाहेर पडे. मासा विकायचा नाही, कोणाला आवडतो म्हणून घरी आणायचा नाही. धरायचा, मिरवायचा, दोस्तांना जळवायचं, संपलं. थोरलीने समजावलं, दटावलं, रुसूनही पाहिलं. शेवटी अण्णांनी एक अट तेवढी मान्य केली. एकट्याने जायचं नाही, कप्तान बरोबर हवा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कप्तान घोंगडी पांघरून बसला होता आणि नर्सना सगळं सांगत होता. "लाट कसली, भिंतच ती! अण्णा दिसेनासे झाले. मी मागचापुढचा विचारच केला नाही. सरळ उतरलो पाण्यात."

थोरलीने सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत," ती म्हणाली.

"असं काय ताई, माझेही वडीलच ते," कप्तान खाली मान घालून म्हणाला. थोरलीला तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने दोघांच्या कपड्यांची पिशवी लाँड्रीत आणून टाकली. खारं पाणी घरच्या साबणाने निघणार नव्हतं. थोरलीने पिशवी टेबलावर उलटी केली. अण्णांचा कोट अजून ओलाच होता, जड, कॉलरपर्यंत वाळू भरलेली. कप्तानाच्या जाकिटाच्या छातीवर माशाचं रक्त सुकलं होतं आणि बाह्यांना खवले चिकटले होते. ते सोडलं तर जाकीट कोरडं. विजारही कोरडी, नुसती गुडघ्यांवर शेवाळ घासलेली. खिशात कागदी रुमालांचं पाकीट निघालं, करकरीत, न भिजलेलं.

ते पाकीट तिने हातात उलटसुलट करून पाहिलं. मग तिने एप्रन काढला, इस्त्रीवालीला दुकान बघायला सांगितलं आणि थेट बंदराकडे निघाली.

बंधाऱ्याच्या तोंडाशी गळ, तंगुसाची दोरी, आमिष विकणाऱ्याचं छोटं दुकान होतं. गळवाला अण्णांचा जुना सोबती. त्या सकाळी तोही बंधाऱ्यालगतच्या खडकावर काठी लावून उभा होता, हे तिला ठाऊक होतं.

"काका, काल काय झालं?"

"झालं ते वाईटच. पण जीव वाचला ना? मग जाऊ दे."

"कप्तान पाण्यात उतरला होता?"

गळवाला उगाचच शिशाची वजनं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकू लागला.

"काका, मी तुम्हाला विचारतेय."

"नाही," तो म्हणाला. "अण्णांच्या गळाला मोठं धूड लागलं होतं. ओढाताणीत ते पार कडेला गेले. लाट येताना त्यांनी काठी कप्तानाच्या हातात दिली आणि तेवढ्यात लाटेने त्यांनाच खाली नेलं. खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यात अडकले. छातीपर्यंत पाणी, लाट आली की डोक्यावरून जायचं. मी धावलो, पण मी बराच लांब होतो, शेवाळावरून धावता येतं का? आणि हा वर उभा. काठी धरून. रीळ फिरवत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी त्याने मासा काढला, पोरी. मग मी आणि त्याने मिळून अण्णांना काढलं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल आपण या माणसाचे हात धरले, हे आठवून तिला स्वतःचेच हात नकोसे झाले. फरश्यांच्या दुकानापर्यंतचा रस्ता तिने कसा कापला हे तिला नंतर आठवलं नाही.

दुकानात गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी खोटी न्हाणीघरं मांडून ठेवलेली होती. त्यातल्या गुलाबी फरशीच्या न्हाणीघरात कप्तान एका नवराबायकोला मोबाइलवर फोटो दाखवत होता. दोन्ही हातांवर आडवा धरलेला मासा, आणि वर कप्तानाचे हसरे दात.

"किती सुंदर!" ती बाई म्हणत होती.

"सुंदर आहेच," थोरली मागून म्हणाली. "हा फोटो काढला तेव्हा माझे वडील पाण्यात होते की बाहेर काढले होते, तेवढं विचारा त्याला."

नवराबायको एकमेकांकडे बघत निघून गेले. कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, हळू... मालक आत आहेत."

"असू देत! मालकांनाही कळू दे त्यांनी कोण ठेवलाय तो! म्हातारा माणूस गटांगळ्या खातोय आणि तू रीळ फिरवत होतास?" इतकी वर्षं ती त्याला अहोजाहो करत आली होती. ते आता तोंडात येईना. "वर मला सांगतोस पाण्यात उतरलो म्हणून? माझ्याकडून उपकार मानून घेतलेस, लाज नाही वाटली?"

"वाटली," कप्तान म्हणाला. तो गुलाबी टबाच्या कडेवर बसला. "खोटं बोललो, ते चुकलंच. सगळे विचारत होते, आणि तोंडातून निघून गेलं. पण मासा... ताई, अण्णांनीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"खालून ओरडत होते. 'सोडू नकोस! काठी सोडलीस तर याद राख!' मी वाकलो होतो त्यांना धरायला. देवाशप्पथ वाकलो होतो. त्यांनी माझा हात झिडकारला."

"खोटारड्या!"

"विचारा त्यांना. लग्न झाल्यापासून मला त्यांनी आपल्या काठीला हात लावू दिला नव्हता. कालच पहिल्यांदा दिली. मग ते म्हणतील तसं केलं मी."

"ते म्हणतील तसं? ते बुडत होते! बुडणाऱ्या माणसाचं ऐकायचं असतं होय रे, गाढवा?"

थोरलीने दाराशी पोचेपर्यंत आणखी बरंच सुनावलं, आणि मालक खरोखरच बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

दवाखान्यात अण्णा उशीला टेकून बसले होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. चेहरा उतरलेला, ओठ फुटलेले, पण लेकीला बघताच डोळे चमकले.

"बघितलास का गं फोटो?"

थोरली खुर्चीतही बसली नाही. "तुम्ही त्याला सांगितलंत काठी सोडू नकोस म्हणून?"

"मग काय करायचं होतं? असा मासा मी क्रेनवरून उतरल्यापासून बघितला नव्हता. सोडला असता तर मी त्या कप्तानाचं तोंड पाहिलं नसतं पुन्हा."

"त्याने काठी सोडली नाही म्हणून आम्हालाच तुमचं तोंड पाहायला मिळालं नसतं!"

"ओरडू नकोस. बाजूला पेशंट आहे."

"तुम्हाला बाजूचा पेशंट दिसतो! मी नाही दिसत, धाकटी नाही दिसत. काल ती फोनवर कशी रडत होती ऐकलंत? तुम्ही पाण्यात होतात तेव्हा एकदा तरी आमची आठवण झाली?"

अण्णांनी थोडा विचार केला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं, तेच या घडीला नडलं.

"नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का, तेव्हा फक्त मासा होता."

बाजूच्या पेशंटने तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. थोरलीला वाटलं, समोरचा पाण्याचा तांब्या उचलावा आणि भिंतीवर आपटावा. तिने तो उचललाही. मग तो होता तिथेच ठेवून ती म्हणाली, "ठीक आहे. आता माझं ऐका. मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. जेवण आणीन, औषधं देईन, कपडे धुवीन. आणि घरी आल्यावर तुमचं हगणंमुतणं, अंघोळ, अंग पुसणं, सगळं तो कप्तान करेल. रोज. कामावर जायच्या आधी. तुम्ही काठीला हात लावू दिला नाहीत कधी त्याला, आता पाठीला लावू द्या."

"तो? छे! मला लाज वाटेल."

"वाटलीच पाहिजे. त्यालाही आणि तुम्हालाही."

अण्णा घरी आले त्या दिवसापासून कप्तान रोज सकाळी यायचा, बाह्या वर करायचा आणि बादली भरायचा. धाकटीला नवऱ्याचा खोटेपणा कळल्यावर तिनेही त्याच्याशी अबोला धरला होता, त्यामुळे त्याला बोलायला अण्णाच काय ते उरले होते. पहिले काही दिवस न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज यायचा आणि मधूनच अण्णांचं "अरे हळू, माणूस आहे मी, फरशी नाही!" मग हळूहळू बोलणं सुरू झालं. वारा कुठून असताना कोणतं आमिष, तंगूस किती जाड, त्या दिवशी रीळ जरा सैल सोडायला हवं होतं की नको. एकदा तर दोघं इतके हसले, की बाहेर भाजी चिरत बसलेल्या थोरलीने सुरी पाटावर आपटली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ती दाराबाहेरून ओरडली.

आतून दबकं खुसखुसणं ऐकू आलं, शाळेतल्या पोरांसारखं. थोरलीला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तिने त्यांना शिक्षा दिली होती आणि हे दोघे त्यात मजेत होते.

थंडी सरली. अण्णा वॉकर धरून दारापर्यंत जाऊ लागले. एका दुपारी थोरली त्यांच्यापुढे ताट ठेवून मागे वळली तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो."

"त्याच्यावर की माझ्यावर?"

"त्याने निदान वाकून हात तरी पुढे केला होता," ती म्हणाली.

अण्णांनी घास हातातच ठेवला. "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडून येतोय का, याची थोरली वाट बघत उभी होती. तो आला नाही. "पुढच्या वर्षी मी बंधाऱ्याच्या टोकाला जाणार नाही," एवढंच ते म्हणाले. "अलीकडेच उभा राहीन."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. आधी जेवा," ती तुटकपणे म्हणाली, आणि लाँड्रीत निघून गेली.