पखालीवरचा डाग

मित्रांनो, तुम्ही नळाची तोटी फिरवता आणि पाणी धो धो येतं. म्हणून मला कुणी ओळखेल असं वाटत नाही. मी एक जुनी पखाल आहे. पखाल म्हणजे पाणी वाहायची चामड्याची मोठी थैली. हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या पाठीवर मला टाकायचे. दोन्ही अंगांना माझं पोट लोंबायचं आणि तो चालू लागला की आतलं पाणी डुचमळून हसायचं.

माझा जन्म कल्याणचा. दामाजी नावाच्या कारागिराने मला बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात महिनाभर मुरवलं, उन्हात ताणलं, मेणाच्या दोऱ्याने शिवलं. मग पाण्याने भरून त्याने माझ्या शिवणीला कान लावला. थेंब टपकत नाही अशी खात्री झाल्यावर तो म्हणाला, "जा पोरी. पानी सांभाळ, पन धरून बसू नको. द्यायचं तिथं दे."

मला ठाण्याच्या म्युनिसिपालटीने घेतलं. आगगाडी ठाण्याला आली त्याला तेव्हा पंचविसेक वर्षं झाली होती. स्टेशनाकडे बैलगाड्यांची रीघ लागायची आणि तांबड्या मातीचा लोट उठायचा. तो बसवायला रस्त्यावर पाणी शिंपायचं, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं, पखालजी दाजीचं आणि सुभेदाराचं. सुभेदार हे आमच्या हेल्याचं नाव. त्याला चालायची घाई कधीच नसे, म्हणून दाजीने ते ठेवलं होतं.

मासुंदा तळ्यावर मला भरायचं आणि माझं तोंड मुठीत धरून दाजीने पाण्याची बारीक धार सोडायची. धार सोडताना तो गुणगुणायचा:

रस्ता तापला तापला, हेल्या टाक रे पाऊल,
पाठीवरच्या पाण्याची लागे धुळीला चाहूल.

माती भिजली की तिचा जो वास सुटे, त्यासाठी पुन्हा जन्म घ्यावा. दुकानदार माना डोलवत, वाटेवरच्या बायका पदर नाकावरून काढत. मला वाटे, गावातली सगळी धूळ माझ्याच धाकात आहे. गर्व झाला होता मला, मित्रांनो. तो कसा उतरला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

खाडीच्या काठी कोळीवाडा होता. तिथे मनुबाई नावाची कोळीण जवळा वाळवायची. जवळा म्हणजे तांदळाएवढी इवली कोळंबी. होडी लागल्याबरोबर ती सारवलेल्या खळ्यावर पसरावी लागते, नाहीतर सडते. बोंबील निदान पुसता येतो. जवळा एकदा वाळला की ना पुसता येत ना धुता येत. त्यात धूळ पडली की गेला.

त्या वर्षी नेमकं तेच होऊ लागलं. मनुबाईच्या शेजारणीने, थेरेसाने, एका सकाळी जवळ्याची टोपली तिच्या ओट्यावर आणून आदळली.

"अगो मनुबाय, ह्यो जवला हाय का वालू? दातांखाली कचकच! नि हलद टाकली तर आमटी लालभडक. माजा घरवाला म्हनतो, थेरेसा, मला मारायचा इचार हाय का? मिरच्या किती घातल्यास?"

हळद टाकली की लाल होते, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. म्हाताऱ्या कोळणींनी हात जोडले. देवीने कुंकू दिलं म्हणाल्या, टोपलीवर फूल वाहिलं. मनुबाई तेवढी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"देवी कुंकू देल, बाय. कचकच कशाला देल?"

ती तडक म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेली. तिथे हरिहरपंत नावाचे इन्स्पेक्टर होते. राहणार नौपाड्याचे, सोवळ्याओवळ्याचे, मासळीचा नुसता वास आला तरी उपरण्याचं टोक नाकाला लावणारे. पण कुणी तक्रार घेऊन आलं की ते हातातलं काम बाजूला ठेवत आणि ऐकलेलं शब्दन् शब्द उतरवून घेत. त्यांनी मनुबाईची तक्रार कमिटीपुढे ठेवली. कमिटीतल्या मंडळींचं म्हणणं पडलं, "धूळ म्हणजे रस्त्याची. आठ दिवस कोळीवाड्याच्या वाटेवर पाणी मारा. एवढ्याने भागलं नाही तर खळंच खाडीपलीकडे हलवा. गावाला वासही नको आणि तक्रारही नको."

खाडीपलीकडे सगळा चिखल, मित्रांनो. भरतीला कमरेएवढं पाणी. तिथे खळं कसलं सारवता? खळं गेलं म्हणजे मनुबाईचा जवळा गेला आणि जवळ्याबरोबर तिची चूलही गेली.

म्हणून त्या दिवसांत मी जिवाच्या आकांताने पाणी दिलं. सकाळी तीन खेपा, दुपारी तीन. वाट अशी भिजली की सुभेदाराचे खूर रुतू लागले. पाचव्या दिवशी दुपारी हरिहरपंत खळ्यावर आले. नाकाला उपरणं होतंच.

"काय बाई, आता धूळ कमी झाली की नाही?"

मनुबाईने मूठभर जवळा उचलून त्यांच्यापुढे धरला. "हुंगू नका, नुसतं बगा. तसाच हाय. तुमचं म्हंजे कसं झालं ठाव हाय का, रावसायब? दुखनं हेल्याला नि डाग पखालीला!"

पूर्वी जनावर आजारी पडलं की त्याला तापल्या सळीने डाग देत. हेला आजारी असताना डाग मात्र बिचाऱ्या पखालीला द्यायचा, असा त्या म्हणीचा अर्थ. दाजीला हसू फुटलं आणि ते लपवायला तो खोकू लागला. मी मात्र शिवणीशिवणीतून शरमले. पाच दिवस जीव तोडून वाहिलेलं पाणी फुकट गेलं होतं तर!

दुसरा कुणी अंमलदार असता तर चिडला असता.  हरिहरपंतांनी नाकावरचं उपरणं खाली केलं आणि विचारलं, "मग हेला कोणता, बाई?"

"त्ये मी कशी सांगू? मी जवला वालवते. हेला सोधायचं काम तुमचं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दाजी, पखाल रिकामी कर. ओलीच्या ओली इथे खळ्याच्या कडेला पसर."

"पखाल? खल्यात?" दाजी गांगरला. "ती काय जवला हाय का, पंत?"

"काळी आहे, ओली आहे. जे पडेल ते चिकटेल आणि दिसेलही. पसर तू."

मी जन्मभर धुळीवर पाणी टाकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा गप्प पडून धूळ अंगावर घेतली. हरिहरपंत एका उपड्या टोपलीवर बसून राहिले. समोर मासळी, डोक्यावर ऊन, पण मनुष्य हलला नाही. मनुबाईने ताडाची झावळी आणून त्यांच्या डोक्यावर धरली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "राहू द्या बाई, जवळ्यावर सावली पडते आहे."

दुपार कलली तसा वारा फिरला. वाट ओलीचिंब होती, तिच्यावर एक गाडी गेली नाही की मातीचा कण उडाला नाही. आणि तरी माझी काळी पाठ हळूहळू पांढरी होऊ लागली. पहिल्यांदा राखेसारखी, मग पिठासारखी. उतरतीच्या उन्हात हरिहरपंतांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिले.

"पांढरी. आपली माती तर तांबडी."

मनुबाईच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "थांबा!" म्हणत ती घरात धावली. चिमूटभर हळद आणली आणि माझ्या पाठीवर टाकून अंगठ्याने चोळली. पिवळी हळद बघता बघता लाल झाली.

दाजीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! चुना! जनम गेला पान खान्यात, नि चुना वलकला नाय मी!"

तिघांनी एकदमच मान वर केली. चिंचेच्या झाडांमागे काळुरामशेटची चुनाभट्टी होती. शिंपल्या भाजून तिथे चुना करत. भट्टीचा धूर वर जातो, इकडे येत नाही, म्हणून कुणी तिचा संशय घेतला नव्हता. पण भाजलेला चुना चाळणीतून चाळायचं काम दुपारी चाले, वारा कोळीवाड्याकडे फिरला की नेमकं तेव्हा. झाडांमागे चाळणी झुलत होती आणि झुलता झुलता पांढरा भुगा वाऱ्यावर सोडत होती.

दुसऱ्या दिवशी मला कमिटीच्या टेबलावर ठेवण्यात आलं. एका वयोवृद्ध सभासदांनी धोतर सावरत खुर्ची मागे सरकवली. "अहो हरिहरपंत, चामडं? टेबलावर?"

"ही म्युनिसिपालटीच्या चाकरीत आहे, रावसाहेब. आज साक्षीला आली आहे."

मग ते दाराकडे वळले. मनुबाई उंबऱ्याबाहेर अंग चोरून उभी होती. "आत या, बाई. हळद तुमची आहे. ती तुमच्याच हाताने पडली पाहिजे."

कोळीवाड्यातली बाई त्या दिवशी प्रथमच तो उंबरा ओलांडून आत आली. हरिहरपंतांनी माझ्या एका बाजूला रस्त्याची ओली माती लावली होती. मनुबाईने तिच्यावर हळद टाकली. ती पिवळीच राहिली. मग पांढऱ्या डागावर टाकली. डाग कुंकवासारखा पेटला.

 काळुरामशेटनाही बोलावलं होतं. ते उठून आले, वाकून निरखून पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाले, "चुना माझाच आहे. मी धुराकडे बघत राहिलो. चाळणीकडे बघितलंच नाही."

ठराव झाला. चाळणी तिन्ही बाजूंनी गोणपाटाने बंदिस्त करायची, गोणपाट सतत ओलं ठेवायचं आणि खळं आहे तिथेच राहील. ते गोणपाट भिजवायचं काम मला मिळालं. आता माझं पाणी जिथे हवं तिथे पडत होतं. चार दिवसांनी थेरेसाने मनुबाईच्याच ओट्यावर बसून जवळ्याची आमटी भाकरीशी खाल्ली. आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे बघत होतो. ती चावत राहिली, चावत राहिली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय गो." मनुबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

हरिहरपंत त्यानंतर दर आठवड्याला हळदीची पुडी खिशात घालून खळ्यावर येत. पावसाळ्याचे महिने सोडले तर त्यांचा एक आठवडा चुकला नाही. नाकाला उपरणं असे, पण येत. पुढे वयोमानाने त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या फेरीला मनुबाईने त्यांच्यापुढे नारळ ठेवला.

"खरं तर जवलाच द्यायचा होता, रावसायब. पन तुमाला चालत नाय. इतकी वर्सं राखलात नि एक दाना तोंडात घातला नाय."

"मला चालत नाही, बाई," ते म्हणाले. "पण ज्यांना चालतो, त्यांच्या दाताखाली कचकच नको."

गावात नळ आले आणि मी कचेरीच्या अडगळीच्या खोलीत खुंटीवर आले. कातडं सुकतं, शिवणी उसवतात. कधी जमलं तर बोटभर तेल लावा मला, बरं वाटेल. नाही लावलंत तरी राग नाही. पण मित्रांनो, कुणी येऊन सांगितलं की आमच्या अंगणात धूळ येते, तर जवळच्या रस्त्यावर पाणी मारून मोकळे होऊ नका. त्यांच्या अंगणात जाऊन दुपारभर बसा. तिथला वास तुम्हाला सोसणार नाही, तिथलं अन्न तुमच्या ताटात कधी येणार नाही. तरीही बसा.